धृपद धरणारा रिसिव्हर

नांदेडला मी ज्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहतो, त्या घराच्या मागच्या हॉलमध्ये भिंतींत सात स्पीकर बसवलेले आहेत. समोर तीन, दोन्ही बाजूंना एकेक आणि मागे दोन. मी राहायला आलो तेव्हा त्यांतून एकदाही आवाज निघालेला नव्हता. सगळ्यांच्या वायरी भिंतीच्या आतून फिरवून टीव्हीखालच्या कोपऱ्यात बाहेर काढल्या होत्या आणि टोकांना चिकटपट्टी गुंडाळून तशाच सोडल्या होत्या. त्या ज्याला जोडायच्या, तो रिसिव्हर घ्यायचा राहून गेला होता.

घर अप्पांच्या मुलाचं. त्यानं हौसेनं होम थिएटर करायला घेतलं आणि काम अर्ध्यावर असताना त्याची बदली हैदराबादला झाली. बायको-मुलं घेऊन तो गेला. अप्पा गेले नाहीत. ते मूळचे उदगीरचे. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं अडतीचं दुकान होतं. त्यांच्या पत्नी वारल्या, दुकान बघणारं कुणी राहिलं नाही, तेव्हा मुलानं त्यांना नांदेडला आणलं होतं. आता हैदराबादला चला म्हणून तो मागे लागला, तर अप्पा म्हणाले, "एका म्हातारपणात दोन गावं बदलायची म्हंजी लई झालं बाबा."

म्हणून एवढ्या घरात खाली अप्पा आणि वर मी, असे दोघंच राहत होतो. बरेच दिवस आमचं बोलणं पाण्याच्या मोटारीपुरतंच होतं. मोटार लावली का, बंद केली का, एवढंच.

मी शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. घरी विचारलं की सांगतात, "नांदेडात कम्प्युटरचं करून राहिलाय." त्यापुढचं त्यांना सांगता येत नाही आणि मलाही नीट समजावता येत नाही. फोनवर वडील विचारतात, जेवलास का. मी हो म्हणतो. मग ते विचारतात, अभ्यास चालू हाय का. मी पुन्हा हो म्हणतो. त्यानंतर थोडा वेळ आम्ही दोघं नुसता फोन कानाला धरून राहतो. मागे आमच्या गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येते. मला फोन ठेवावासा वाटत नाही, पण बोलायलाही काही सापडत नाही. वर्गातही तसंच. मुलं वाईट नाहीत. पण मी बोलायला तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. असाच एकदा केळी आणि ब्रेड घेऊन जिना चढत होतो, तेव्हा अप्पांनी हाक मारली.

"तम्मा, हिकडं ये जरा."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आमच्याकडे सीमेच्या बाजूला म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द असतो. नांदेडला आल्यापासून मला कुणी तशी हाक मारली नव्हती. मी पिशवी पायरीवर ठेवून आत गेलो.

"कम्प्युटरचं शिकून राहिलास न्हवं?"

"हो."

"मग ह्या रिसिव्हराचं कळत असंल तुला. पोरगा म्हणतो, तेवढं घेऊन टाका अन् पिक्चर बघत बसा, वेळ जातो. वेळ जायचं काय, तो तसाबी जाऊनच राहिलाय. पण रोज फोनवर इचारतो. एकदाचं घ्यावं."

रिसिव्हर म्हणजे मला फोनचा माहीत होता. तसं सांगायचा धीर झाला नाही. "बघतो," म्हणालो. नंतर ग्रंथालयातल्या कम्प्युटरवर बसून वाचत राहिलो. पुस्तकातल्या गोष्टी मला उशिरा कळतात, पण वाचत राहिलो की कळतात. टीव्हीतून येणारा आवाज रिसिव्हर सुटा करतो, त्याला जोर देतो आणि ज्याचा त्याला वाटून देतो, एवढं मला समजलं.

पुढच्या दिवशी अप्पांना तेच सांगायला गेलो. म्हटलं, प्रत्येक स्पीकरला वेगळा आवाज देता येतो. बोलणारा माणूस समोरून ऐकू येईल, पाऊस मागून येईल.

"वेगळा म्हंजी? ह्याच्यातून एक माणूस अन् त्याच्यातून दुसराच माणूस?"

"हो, तसंही करता येईल."

अप्पा उठले. हॉलच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि हळूहळू स्वतःभोवती फिरत भिंतीतल्या एकेका जाळीकडे बघू लागले. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय.

"आमच्या भजनातबी सातच होते," ते म्हणाले. "माझ्याबगर सात."

मग त्यांनी हात करून दाखवायला सुरुवात केली. उजव्या बाजूला पेटीवाला बसायचा. समोर तिघे टाळकरी, त्यातला मधला सगळ्यात मोठ्या आवाजाचा. डावीकडे एकतारीवाला. मागे उजव्या हाताला एक, त्याला गळा नव्हता पण आला नाही असा सोमवार नव्हता. मागे डाव्या हाताला पखवाजवाला. दर सोमवारी संध्याकाळी महादेवाच्या देवळात हे असं गोल करून बसत आणि मध्ये अप्पा.

"पखवाजवाला गेला," ते म्हणाले. "बाकीचे हाईत. पर कुणाचे गुडघे गेले, कुणी लेकीकडं जाऊन राहिला. आता उदगीरला जाऊन बी भजन न्हाई. देवळात दुसरी पोरं बसतात, माईक लावून."

मी म्हणालो, मोबाईलवर चांगली भजनं मिळतात, ती रिसिव्हरवर छान वाजतील. माझ्या मते मी त्यांना दिलासा देत होतो.

"मला ऐकायचं न्हाई तम्मा. मला म्हणायचंय."

त्यांनी मग मला समजावून सांगितलं. भजनात एक जण पुढचं कडवं म्हणतो आणि बाकीचे धृपद धरतात, म्हणजे पहिली ओळ सगळे मिळून पुन्हा पुन्हा म्हणतात. ते धरतात तेवढ्यात म्हणणाऱ्याला दम घ्यायला मिळतो, आणि त्या दमातच पुढचं कडवं सुचतं. "धृपद धरायला कुणी नसलं तर ओळ तोंडातून निघते अन् तशीच खाली पडती," अप्पा म्हणाले. नांदेडला आल्यावर त्यांनी एक-दोनदा एकट्यानं म्हणून पाहिलं होतं. नंतर सोडून दिलं. सकाळची लिंगपूजा तेवढी चालू होती, ती एकट्याचीच असते. पण भजन एकट्याचं नसतं.

त्यांना काय हवं होतं ते मला कळलं, आणि ते कळल्यावर मी जरा घाबरलो. त्यांना त्या सात जाळ्यांमध्ये आपली माणसं बसवायची होती, मध्ये स्वतः बसायचं होतं आणि पुन्हा म्हणायचं होतं. आणि त्यांना वाटत होतं की हे माझ्यानं होईल.

"पखवाजाच्या जागेवर काय लावायचं?" मी विचारलं. "दुसऱ्या कुणाचा पखवाज मिळंल."

"तिथं काही नको. ती गप राहू दे."

दिवाळीच्या सुट्टीत मी गावाकडे जाणार होतो. ती सगळी माणसं तिकडचीच. ठरलं ते असं, की आधी अप्पांनी त्यांच्या मोबाईलवर स्वतःचं म्हणणं भरायचं. मी ते घेऊन प्रत्येकाकडे जायचं, त्याच्या कानात ते ऐकवायचं आणि त्याचं धृपद वेगळं भरून घ्यायचं. मग अप्पांचा आवाज काढून टाकायचा, म्हणजे ती जागा त्यांना म्हणायला मोकळी राहील. मुलाचा जुना लॅपटॉप घरातच होता, त्यावर हे सगळं जुळवता येणार होतं.

अप्पा हॉलमध्ये सतरंजीवर बसले, हातात टाळ घेतले. खिडक्या लावून घेतल्या. पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटेना. खाकरले, पाणी प्यायले, माझ्याकडे पाठ करून बसले. मग म्हणाले. कडवं संपलं की ते थांबायचे, नुसते टाळ वाजवत राहायचे आणि मान हलवायचे, जणू धृपद चाललंय आणि त्यांना ते ऐकू येतंय. त्या रिकाम्या जागेत त्यांचे ओठ हलत होते. मी मोबाईल धरून त्यांच्या मागे, जरा बाजूला बसलो होतो आणि कुठं बघावं ते मला कळत नव्हतं.

पेटीवाला देवणीला लेकीच्या घरी होता. ओसरीवर बाजेवर बसलेला. मी सगळं सांगितल्यावर त्यानं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"म्हंजी सवता नांदेडात जाऊन बसला, अन् आता आम्हाला डब्यात घालून तिकडं नेऊन राहिला का?"

"तसं न्हाई, त्यांना म्हणायचंय..."

"म्हणू दे की. कुणी अडवलंय? ये म्हणावं हितं. जिवंत माणसं सोडून भिंतीला म्हणायलाय." मग लेकीला हाक मारली, "पेटी काढ गं माळ्यावरची. झटकून दे. येड्याचा बाजार हाय, पर काढ."

इअरफोन कानात घातल्यावर आणि अप्पांचा आवाज आल्यावर तो दचकून मागे बघू लागला. मग पेटी उघडली. सूर लगेच बरोबर लागला. संपल्यावर इअरफोन काढून माझ्या हातात देताना म्हणाला, "बारीक झालाय गा आवाज त्याचा. जेवतो का न्हाई?"

उदगीरला चौघे, शिरूर अनंतपाळला एक. ज्याला गळा नाही असं अप्पा म्हणाले होते, त्यानं मला दोनदा चहा पाजला आणि विचारलं, "माझा आवाज कुठून येईल? मागूनच ना? बरं झालं." परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी त्यांचे आवाज एकेक करून ऐकत होतो. सगळे एकच ओळ म्हणत होते आणि प्रत्येक जण एकटा होता.

नांदेडच्या दुकानांत स्पीकरच्या डब्यांसकट तयार सेट मिळत होते, सुटा रिसिव्हर लावून दाखवणारं कुणी सापडेना. लातूरला एक दुकान मिळालं, तिथं ऐकून बघायला वेगळी खोली होती. अप्पा आणि मी बसनं गेलो. अप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, कपाळाला भस्म, मांडीवर पिशवीत लॅपटॉप आणि त्यावर टाळ. मी म्हटलं टाळ कशाला. ते म्हणाले, "माणसं यायचीत अन् टाळ नको?"

दुकानातला माणूस बोलका होता. त्यानं आम्हाला गुबगुबीत सोफ्यावर बसवलं, पंखा सोडला.

"काका, आधी ह्यो सीन बघा. घोडे उजवीकडून निघतात अन् तुमच्या डोक्यावरून डावीकडं जातात. लोक खुर्ची धरून बसतात बघा."

"आमच्या मोंढ्यात चारी बाजूंनी बैलगाड्या यायच्या," अप्पा म्हणाले. "बिनतिकिटाच्या. घोडे राहू दे. आमची माणसं लाव."

"कोणती माणसं?"

मी लॅपटॉप पुढे केला. त्यानं तो दुकानातल्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात नव्या रिसिव्हरला जोडला. काळा, जड, पुढे निळा दिवा. मी वाचलेल्या सगळ्या गोष्टी त्यात होत्या. मनातून मी तोच ठरवून आलो होतो.

"दादा, तुमच्या फाईलमध्ये मागचा डावा बंद येतोय," तो म्हणाला. "वायर बघू का?"

"वायर बरोबर हाय," अप्पा म्हणाले. "तो माणूस न्हाई आता."

दुकानदार त्यानंतर जरा सावकाश बोलू लागला.

आधी टाळ आले. मग सहा जण सहा बाजूंनी एकदम उठले. मी ते कितीतरी वेळा जुळवून ऐकलं होतं, पण लॅपटॉपच्या बारीक आवाजात. इथं त्या खोलीत खरोखरच माणसं आली. अप्पा सोफ्यावरून उठले आणि खाली गालिच्यावर मांडी घालून बसले. चेहरा असा झाला की मी खाली बघितलं. त्यांनी टाळ घेतले आणि पहिलं कडवं म्हणायला सुरुवात केली.

त्यांचा आवाज मोबाईलवर भरलेल्यापेक्षा खूप मोठा निघाला. शेवटचा शब्द त्यांनी ओढला. वर नेला, तिथं धरून ठेवला, अजून खाली यायचा होता. तेवढ्यात सहाच्या सहा जणांनी धृपद धरलं. अप्पांचा आवाज मध्येच चिरडला गेला. त्यांनी घाईनं ओळ सोडली, पुढच्या कडव्याला पुन्हा तसंच झालं. तिसऱ्याला ते म्हणायचे थांबले. सहा जण म्हणत राहिले.

"थांबंनात की रे," अप्पा म्हणाले.

"काका, रेकॉर्डिंग आहे ते," दुकानदार म्हणाला. "ते कसं थांबंल?"

"आमचे थांबायचे. मी ओढलं की पेटीवाला नुसता सूर धरून बसायचा माझ्या तोंडाकडं बघत. मी खाली आलो की मगच धरायचे."

हे मला आधी सुचायला हवं होतं. भरताना अप्पांनी एकट्यानं भीत भीत म्हटलं होतं, कुठं ओढलंच नव्हतं. आता माणसं भोवती आल्यावर त्यांचा गळा मोकळा झाला होता, आणि नेमका तोच रेकॉर्डिंगशी जुळत नव्हता. अप्पा टाळाची दोरी बोटाला गुंडाळत बसले होते. आता ते उठतील आणि चल म्हणतील असं मला वाटलं, आणि तसं झालं असतं तर ते पुन्हा कधीच भजन म्हणाले नसते.

"अप्पा, परत म्हणा," मी म्हटलं. "मी बघतो काही जमतंय का."

मी लॅपटॉपजवळ बसलो. त्यांनी शब्द ओढला की मी फाईल थांबवली, ते खाली येऊ लागले की सोडली. सोडली, पण आवाज लगेच आला नाही. त्या मोठ्या रिसिव्हरचा निळा दिवा लुकलुकला, पडद्यावर काही अक्षरं आली आणि धृपदाचा पहिला शब्द खाऊन मग आवाज सुरू झाला. दर वेळी तसंच. दुकानदारानं आत जाऊन दोन-तीन गोष्टी बदलून पाहिल्या.

"हे नवे सगळे असेच. आवाज बंद होऊन परत आला की कोणत्या प्रकारचा आहे ते आधी ओळखतात, मगच आत घेतात. पिक्चर बघताना कुणाच्या ध्यानातबी येत नाही."

दुसरा लावला. तोही ओळखत बसला. मग तो खाली वाकला आणि सगळ्यात खालच्या फळीवरून एक जुन्या मॉडेलचा काढला. वर धूळ होती. "हा आता कुणी नेत नाही. नवे प्रकार ह्याला कळत नाहीत. छतातले स्पीकर चालत नाहीत. नेल्यावर पुन्हा म्हणू नका."

अप्पांनी म्हटलं. शब्द वर गेला. मी थांबवलं. त्यांनी तो धरून ठेवला, फिरवला, हळूच खाली आणला. मी सोडलं. आणि सहा जणांनी पहिल्या अक्षरापासून धृपद धरलं. अप्पांनी डोळे मिटले होते. ते म्हणत राहिले आणि मी थांबवत आणि सोडत राहिलो. दारात दुकानातली दुसरी गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. संपल्यावर त्यातल्या एका बाईनं अप्पांना तिथूनच हात जोडले. आम्ही तो जुना रिसिव्हर घेतला.

त्यानंतरचे सोमवार माझे होते. कॉलेजातून आलो की हातपाय धुवून खाली जायचं. अप्पा सतरंजीवर, मी लॅपटॉपपाशी, एक बोट बटणावर. त्यांची ओढ दर वेळी वेगळ्या जागी यायची. कधी पहिल्याच कडव्यात, कधी शेवटी, कधी एकाच शब्दावर दोनदा. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण ओढायच्या आधी त्यांचा डावा खांदा किंचित वर यायचा आणि खाली यायच्या आधी भुवया सैल पडायच्या, हे मला कळायला लागलं. इतकं टक लावून मी आयुष्यात कुणाकडे बघितलं नव्हतं, आणि कुणाला माझी इतकी गरजही लागली नव्हती. एखाद्या वेळी माझं बोट उशिरा पडायचं आणि धृपद त्यांच्या अंगावर यायचं. तेव्हा ते उजव्या जाळीकडे बघून म्हणायचे, "पुढं पळायची खोड काई जाईना ह्याची." पेटीवाल्याला. मला कधी बोलले नाहीत.

सोमवार सोडून बाकीचे दिवस पूर्वीसारखेच होते. पण ते आता सोमवारकडे चाललेले असायचे.

उन्हाळ्यात परीक्षा संपल्यावर मला कॉलेजकडून पुण्याला कामाच्या शिक्षणासाठी जावं लागलं. सगळ्यांनाच जायचं होतं. अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "किती सोमवार?" मी म्हटलं, थोडेच. लॅपटॉप कसा लावायचा, कुठलं बटण दाबायचं, ते त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं. थांबवायचं बटणही मी दाखवलं. ते म्हणाले, "म्हणू का दाबू?" आणि आम्ही दोघं हसलो.

पुण्याला मी सहा जणांच्या खोलीत राहत होतो आणि कुणाशी फारसं बोललो नाही. फोन केला की अप्पा म्हणायचे, "चालूय." भजन का, असं विचारलं की म्हणायचे, "तेबी चालूय." मला वाटायचं, मला वाईट वाटू नये म्हणून सांगतायत.

परत आलो तो सोमवार होता. मुद्दामच त्या दिवसाची गाडी धरली होती. जिन्याशी बॅग ठेवली तेव्हा आत भजन चालू होतं. अप्पांचा आवाज आणि त्यावर धृपद, पुन्हा अप्पा, पुन्हा धृपद. कुठंही अडत नव्हतं. मला वाटलं कुणीतरी आलंय, मुलगा किंवा नातू, आणि तो बटणावर बसलाय. मी दारातून बघितलं. लॅपटॉपपाशी कुणी नव्हतं.

अप्पा कडव्याच्या शेवटच्या शब्दाशी आले. त्यांचा खांदा वर आला नाही. त्यांनी शब्द सरळ खाली ठेवला, आणि तो ठेवला त्याच क्षणी सहा जणांनी धरलं.

संपेपर्यंत मी दारातच उभा राहिलो.

"आलास?" ते म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. "बघ, आता बरूबर जमतंय. तू नसलास तरीबी."

"कसं काय जमवलंत?"

"पहिल्यांदा भरलेलं माझं एकट्याचं मोबाईलात हाय न्हवं? त्यावर त्यांनी धरलंय. मग म्हटलं, ते थांबत न्हाईत तर आपणच त्यांच्या मापात म्हणावं. रोज सकाळी पूजा झाली की तेच ऐकलं. जिथं मी सोडलोय तिथंच सोडायचं. श्वास सुदिक तिथंच घ्यायचा." ते थोडं हसले. "माझंच मी पाठ केलो."

ते त्यांनी खिडक्या लावून, माझ्याकडे पाठ करून, घाबरत म्हटलेलं भजन होतं.

"अप्पा, आता मी आलोय," मी म्हणालो. "तुम्ही ओढा की पहिल्यासारखं. मी थांबवतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टाळ उचलले. मी लॅपटॉपपाशी जाऊन बसलो, फाईल सुरू केली. पहिलं कडवं, शेवटचा शब्द. मी थांबवलं. सगळे गप्प झाले. पण अप्पा थांबवायच्या आधीच खाली आले होते. हॉलमध्ये नुसती शांतता होती आणि त्यात आम्ही दोघं. त्यांनी पुन्हा वरून शब्द घ्यायचा प्रयत्न केला, तो मध्यावरच आपोआप खाली आला.

"न्हाई लागत," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "लागंल म्हणा, चार सोमवार केलं तर. पर मग पुन्हा तू जाशील. तुझं शेवटचं वरीस न्हवं का हे? पुन्हा सवय मोडायची, पुन्हा लावायची... राहू दे तम्मा. आता म्हणायला येतंय, तेवढं बास हाय."

मी पुढं कुठं जाईन ते मलाही माहीत नव्हतं. मी इथंच राहीन असं म्हणावंसं वाटलं, पण ते खरं नव्हतं, आणि त्यांना ते ओळखू आलं असतं.

"सोड पुढचं," अप्पा म्हणाले.

मी सोडलं. सवयीनं बोट बटणावरच राहिलं होतं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, दर वेळी धृपद जिथं यायचं तिथंच आलं. तिसऱ्या कडव्याला मी बोट उचललं आणि हात मांडीवर घेतला. अप्पांनी डोळे मिटले होते. ते म्हणत होते, सहा जण धरत होते, आणि कुठंही चूक होत नव्हती.